वालाचं दुसरं नाव

रिठद, आखजीचा दुसरा दिवस

सायले,

आशीर्वाद घे. आधी बस, मंग वाच. कोणी मेलं नाही.

तुह्या मायनं माह्या वालाच्या बियाण्याची उसळ केली.

राखेत घोळून, डब्यात भरून, डब्याच्या तोंडाले फडकं बांधून मी ते फळीवर ठेवलं होतं. तिले वाटलं, सासू म्हातारी झाली, खायचे वाल राखेत लोळवून विसरली. धुतले, भिजवले, मोड आणले, कांद्यावर परतले. आन मी दोनदा मागून घेतली. वरून म्हनलं बी, आज उसळ बरी झाली वो. मंग दाताखाली काही ओळखीचं लागलं. म्हनलं, हे वाल कुठले? ती म्हणे, फळीवरचे.

मी रडली नाही. रडून उसळीचा वेल होत नाही. तोंडातला घास गिळला, ताट धुतलं आन कुंपणापाशी जाऊन उभी राह्यली. कुंपण मोकळं. पयलेच्या वेलाच्या वाळक्या काड्या तेवढ्या अडकून होत्या.

तुले माहीत हाये तो वाल. जांभळ्या काठाची शेंग, काळं बी आन बियाले पांढरा डोळा. रिसोडच्या बाजारात बाया लांबूनच ओळखतात. मी लग्न होऊन कामरगावहून इथं आली तवा ते बी माह्या लुगड्याच्या ओच्यात होतं. तवापासून एक साल खंड नाही. पेरलं, खाल्लं, विकलं, बी ठेवलं. आता तुहा बाप पाकिटातलं बी घेऊन आला. त्या पाकिटावरची शेंग इतकी हिरवी हाये का मले तिचा संशय येते.

तुही माय म्हणे, पोरगी पुण्यात वाणाचं काही करून राह्यली. मी म्हनलं, संक्रांतीले तं टाइम हाये. ती म्हणे, बियाण्याचे वाण. तसं असन तं माहा वाल शोध. कोणाच्या तरी कुंपणावर असन. आखाड सरायच्या आत तो मातीत पडला पाह्यजे, नाही तं मले पाकिटाची शेंग खाऊन मरा लागन.

फोन करू नको. कानातलं यंत्र शिट्टी मारते. कागद बरा, तो मधी बोलत नाही.

तुही आजी
जिजाबाई


पुणे, ९ मे २०२५

प्रिय आजी,

नमस्कार. आईनं फोनवर फक्त 'आजी रागावल्यात' एवढंच सांगितलं होतं, उसळीचं नाही. हसू नये, पण हसले. मग तू कुंपणापाशी उभी राहिल्याचं वाचलं आणि हसू गेलं.

होय, बियाण्यांचेच वाण. आम्ही 'वाणकोश' नावाची वेबसाइट तयार करतोय. मी आणि पवन. सध्या ती चाचणी म्हणून थोड्याच गावांत सुरू आहे. पवन माझ्या ऑफिसात आहे, इंझोरीचा. या कोशाची गंमत अशी की त्यात कुणीही पान लिहू शकतं आणि कुणीही दुसऱ्याचं पान दुरुस्त करू शकतं. पारावर एकानं गोष्ट सुरू करावी आणि दुसऱ्यानं 'तसं नाही ना बे' म्हणत ती पुढे न्यावी, तसं.

माझं काम त्याच्या तळाशी आहे. लोकांना पान दिसतं, पण ते पान जिथे ठेवलेलं असतं त्या जागेला डेटाबेस म्हणतात. तो मला रचायचाय. त्यात टेबलं असतात. टेबल म्हणजे ओळी आणि रकाने आखलेली चौकट. एका वाणाची एक ओळ. कोणती ओळ कुणाची हे ओळखायला एक किल्ली लागते. मी वाणाचं नावच किल्ली केलंय. नाव सांगा, पान उघडेल. कुणी दुरुस्ती केली की जुना मजकूर जातो, नवा त्या जागी बसतो. साधं आणि सुटसुटीत.

दुपारी ऑफिसच्या काचेतून ऊन सरकत सरकत या टेबलांच्या माझ्या आकृतीवर येतं. मग चौकटींना जोडणाऱ्या रेघा हलल्यासारख्या वाटतात. एकीचं टोक दुसरीला धरतं, दुसरी तिसरीवर चढते. थोडा वेळ मला कळत नाही, मी पुण्यात आहे की आपल्या कुंपणापाशी.

तुझा वाल कोशात शोधला, 'वाल' याच नावानं. नाही सापडला. आणि एक घोळ झालाय. एकाच शेंगेला कुणी वाल लिहितं, कुणी पोपट, कुणी सेम. प्रत्येकाचं वेगळं पान. पवन म्हणतो, राहू दे सगळी नावं. मला तो पसारा वाटतो. तू काय करशील?

तुझी
सायली


रिठद, बुद्धपुनव झाल्यावर

सायले,

टेबल म्हनलं का मले तुह्या बापाच्या लग्नातलं जेवणाचं टेबल आठवते. एक पाय डगमगत होता, आन व्याह्याच्या धोतरावर कढी सांडली. तुहं टेबल पक्कं असन अशी आशा.

नावाचं विचारलं ते बरं केलं. यात विचार करासारखं काय हाये? एका वस्तूले एक नाव. बाकी खोडून टाक. घरात दोन तवे चालतात, एका बाईचे दोन नावं चालत नाहीत. मलेच पाह्य. लग्नात माहं नाव बदललं. जिजाबाई म्हनलं, जिजाबाई झाली. आधी काय होतं ते कोणी विचारलं नाही, मी सांगितलं नाही. सगळं चाललं ना? पोरं झाली, वावर झालं, बाजारात जागा झाली. तुह्या त्या पवनले म्हणा, नावाचे लाड पुरवत बसशीन तं काम होणार नाही.

आता दुसरं. तुह्या पत्रानं माही दुपार खराब केली. बाजेवर डोळा लागला आन मी तुह्या कोशात गेली. तिथं भिंती नव्हत्या. नुसती पानं टांगलेली, वाळत घातलेल्या लुगड्यावानी. एक पान बाजूले सारलं का मांगं दुसरं. पुढच्यावर शेंग भरलेली. मांगच्यावर तीच शेंग कोवळी. त्याच्या मांगं फूल. त्याच्याही मांगं नुसता वेल, आन वेलाले धराले काही नाही, तरी तो उभा. वारा नव्हता पण पानं हलून राह्यली होती. मी सारत सारत लय मांगं गेली. इतकी मांगं का माहे गुडघे दुखत नव्हते.

तं कोणीतरी कोणाले हाक मारून राह्यलं होतं. नाव ओळखीचं वाटलं. पण मले वाटलं दुसऱ्या कोणाले असन. मी वळली नाही.

जागी झाली तं तुही माय चहा घेऊन उभी. म्हणे, झोपेत हसत होत्या. मी म्हनलं, तुह्या उसळीवर हसत होती. आजकाल ती माह्या समोर डबे उघडत नाही.

जिजाबाई


पुणे, २४ मे २०२५

प्रिय आजी,

तुझं म्हणणं पटलं. एका वस्तूला एक नाव. पवनशी त्यावरून जोरात भांडण झालं, तो दोन दिवस कॅन्टीनमध्ये वेगळ्या टेबलावर बसला. त्या टेबलाचे पाय ठीक होते.

मी एक छोटा प्रोग्राम लिहिला. त्यानं वालाच्या जातीची सगळी पानं 'वाल' या एकाच पानात ओढून घेतली. ज्या पानावर सर्वांत जास्त मजकूर होता तो ठेवला, बाकीचे पुसले. आता सगळं कसं लख्ख आहे. काम झाल्यावर प्रोग्रामनं गेलेल्या पानांची नुसती नावं-गावं दाखवली, ती पाहून मजा वाटली. लोक काय काय म्हणतात! पोपट, सेम, पांढरी पोपटी. आणि एक तर तुझ्या माहेरच्या गावाहून आलेलं होतं, कामरगावहून: 'गुंफा की फल्ली.' किती छान नाव! वेल एकमेकांत गुंफला जातो, त्यावरून पडलं असणार.

तुझं स्वप्न पवनला वाचून दाखवलं, मगच तो बोलायला लागला. त्याचं म्हणणं, पान असंच ठेवायचं असतं. जुनं पुसायचं नाही, त्याच्यापुढे नवं टांगायचं. मी म्हटलं, बघू नंतर.

काल संध्याकाळी मीही काम करता करता डोळे मिटले. मला पानं नाही दिसली. फक्त एक पांढरी जागा दिसली, खूप मोठी, आणि तिच्या कडेला थोडासा जांभळा रंग. का कोण जाणे, बेचैन वाटलं.

तुझा वाल अजून शोधतेय.

सायली


रिठद, मृगाच्या आधी

सायली,

गुंफा कोणी लिहिलं?

त्या पानावर काय होतं ते जसंच्या तसं लिहून पाठव. पुसलं म्हणजे काय? फडक्यानं पुसलं का जाळून टाकलं?

वेल गुंफल्या जाते त्यावरून नाव नाही पडलं. शहाणपण करू नको.

जिजाबाई


पुणे, ५ जून २०२५

प्रिय आजी,

तुझं पत्र एवढंसं. उलटंपालटं करून पाहिलं, मागे काही लिहिलंय का म्हणून.

खरं सांगते. फडक्यानं पुसलं नाही, जाळलंही नाही; त्यापेक्षा वाईट केलं. त्या जागेवर दुसरं लिहिलं. माझ्या रचनेत एका पानाला एकच जागा होती. नवं बसलं की जुनं कुठेच नसतं, कुणी लिहिलं तेही नसतं. मी तो मजकूर वाचला नव्हता. प्रोग्रामनं वाचला, म्हणजे नुसती अक्षरं मोजली आणि कमी म्हणून टाकून दिली. आमची एक सुरक्षित प्रत असते, पण तीही दर आठवड्याला जुनीवर नवी लिहिली जाते. तीही पाहिली. तिथेही 'वाल' आणि फक्त 'वाल'.

एकच आशा आहे. मार्चमध्ये पवननं चाचणीसाठी सगळं त्याच्या जुन्या लॅपटॉपमध्ये उतरवून घेतलं होतं. तो लॅपटॉप आता इंझोरीला त्याच्या बहिणीकडे आहे, रुचिकाकडे. तो चालू होत नाही. ती मंगरूळला दुरुस्तीला देणार आहे.

आजी, गुंफा कोण? तू आधी 'कोणी लिहिलं' विचारलंस, 'काय लिहिलं' नंतर. तेव्हापासून ते नाव माझ्या डोक्यात फिरतंय. स्क्रीनवर रिकामी ओळ दिसली की वाटतं, तिथे कुणीतरी उभं आहे आणि मीच तिला दाराबाहेर काढलंय.

सायली


रिठद, वटसावित्रीचा दुसरा दिवस

सायले,

गुंफा म्हणजे मी.

हे तुह्या बापाले फोनवर सांगू नको. तो अर्धं ऐकते आन दुप्पट सांगते.

मांडवात माह्यापुढं ताट ठेवलं. त्यात तांदूळ पसरले. तुह्या आबानं अंगठीच्या टोकानं तांदळात नाव लिहिलं. मले दुसरीपर्यंतची अक्षरं येत होती. खाली मान घालून मी वाचलं, जि, मंग जा. मनात म्हनलं, हे कोण बाई? बाया हसल्या, नंदेनं ताट उचललं, हलवलं, आन तांदूळ डब्यात ओतले. गुंफा तं आधीच गेली होती, जिजा बी गेली. राह्यले तांदूळ. सांजच्याले त्याचाच भात झाला. मी दोनदा मागून घेतला, भूक लागली होती.

म्हणजे नाव बी मीच खाल्लं आन बी बी मीच खाल्लं. खादाड बाई हाये मी.

त्याचं दुःख नाही. जिजाबाईनं काही वाईट केलं नाही माह्यासोबत. पण मी तुले म्हनलं, एक नाव ठेव, बाकी खोड. त्या खोडण्यात मीच खोडल्या जाईन हे काय मले ठाऊक?

आता नीट ऐक. कामरगावात मले गुंफा म्हणणारं कोणी उरलं नाही असं मी धरून चालली होती. माय-बाप गेले. भाऊ घर विकून अकोल्याले गेला. राह्यली शेजारची मेहरबी. तिच्या बापाचं बांगड्याचं दुकान होतं. आमच्या दोन घरात एक कुंपण. वेल आमचा, पण ऊन तिच्या बाजूनं, म्हणून तो मेला तिकडंच झुके. मी म्हणो, शेंगा आमच्या. ती म्हणे, शेंगा जिकडं लोंबतात त्याच्या. रोजचं भांडण. लग्नाच्या दिवशी बी झालं. मी जीपमधी बसली तं ती शेंग खाऊन राह्यली होती, कच्ची, मले दाखवून दाखवून.

ते पान तिच्या घरचं असन तं वाल तिच्या कुंपणावर हाये. माहाच वाल. आखाड लागाले आला. लॅपटॉप दुरुस्त कर.

काल पुन्हा ते सपन पडलं. पानं सारत गेली. या खेपी एका पानावर काहीच नव्हतं, कोरं. त्याच्यापुढं रस्ता नव्हता. हाक बी नव्हती. नुसतं कोरं पान हलून राह्यलं होतं, आन मी त्याच्यापुढं ताटातल्या तांदळावानी पसरून बसली.

जिजाबाई


पुणे, २० जून २०२५

प्रिय आजी,

सापडलं.

लॅपटॉप चालू झाला, रुचिकानं पवनला पाठवलं, पवन मला न सांगता माझ्या खुर्चीमागे येऊन उभा राहिला आणि त्यानं स्क्रीन माझ्याकडे वळवली. तू सांगितलंस तसं जसंच्या तसं लिहिते. फरहीन नावाच्या मुलीनं लिहिलंय:

'गुंफा की फल्ली. काला बीज, सफेद आँख, जामुनी किनार. हमारी दादी मेहरबी के बचपन से कुंपण पे है. गुंफा दादी के बाजू में रहती थी. शादी होके गई तो बेल इधरच रह गई. दादी हर साल बीज रखती है. बोलती है, उसकी अमानत है, आएगी तब ले जाएगी.'

एवढंच. म्हणून प्रोग्रामनं टाकून दिलं.

पवननं खुर्ची ओढली आणि आम्ही ते पुन्हा वाचलं. एसीची थंड हवा कुठून तरी येत होती आणि मला वाटत होतं की ती त्या कुंपणावरून येतेय. तुझं नाव तिथे वर्षानुवर्षं उगवत होतं. मातीत जात होतं, वर येत होतं, फुलत होतं. आणि इकडे आपल्या घरात कुणाला ते माहीत नव्हतं.

मी सगळी रचना मोडून पुन्हा केली. आता नाव ही किल्ली नाही. प्रत्येक वाणाला एक नंबर. त्या नंबराला काही अर्थ नाही, म्हणून तो कधी बदलावा लागत नाही. नावांचं वेगळं टेबल. एका नंबराकडे कितीही नावं बोट दाखवू शकतात, वाल, पोपट, गुंफा की फल्ली, कुठल्याही नावानं हाक मारली तरी पान तेच उघडतं. आणि तिसरं टेबल आवृत्त्यांचं. कुणी दुरुस्ती केली की जुनी ओळ तशीच राहते, तिच्यापुढे नवी ओळ. पान म्हणजे फक्त सगळ्यांत पुढे टांगलेली आवृत्ती. मागची सगळी सारून बघता येतात. तुझ्या स्वप्नातून घेतलं, असं पवननं टिपणीत लिहून ठेवलंय. मी खोडलं नाही. आता खोडताच येत नाही.

फरहीनचा फोन नंबर मिळालाय. मी बोलू का? की मी येऊन तुला घेऊन जाऊ?

सायली


रिठद, आखाडाचा पहिला बाजार

सायले,

तू यायची वाट पाहात बसली असती तं आखाड गेला असता. मी जाऊन आली.

आधी त्या अमानतीचं. अमानत म्हणे! इतके वर्षं शेंगा खाल्ल्या तिनं त्या अमानतीच्या. आन मी विसरली नव्हती, अर्धं बी ओच्यात घेऊन आली होती. तुह्या त्या पानात तेवढी दुरुस्ती कर. जुनं ठेव, पण पुढं माहं बी टांग.

तुहा बाप सोबत होता. बाप काय, पिशवी धराले माणूस. वाशीम, कारंजा, मंग कामरगावची जीप. उकाडा असा का रस्ता पुढं पुढं पाण्यावानी चमके आन जीप तिथं पोचली का पाणी अजून पुढं. मले झापड येऊन राह्यली होती. डोळे मिटले का सपनातले पानं, उघडले का बाहेरचे झाडं, दोन्ही तसेच मांगं पळत. कारंजाच्या पुढं मले नक्की सांगता आलं नसतं का मी म्हातारी होऊन जाऊन राह्यली का पोरगी होऊन येऊन राह्यली. मुकेश म्हणे, माय, पाणी पी. तवा आठवलं का हा माहा पोरगा हाये, आन याचे बी केस पिकले.

आमच्या घराच्या जागी मोबाइलचं दुकान झालं. पण दुकानाच्या मांगं तेच कुंपण, आन तिकडं मेहरबी बाजेवर बसलेली. वाळकी काडी झाली. तिच्या कानात यंत्र बी नाही, नुसता हात लावते कानाले.

मी दारात उभी राह्यली. म्हनलं, रिठदची जिजाबाई आली.

ती म्हणे, कौन जिजाबाई?

मी म्हनलं, गुलाबरावच्या घरची. बुढ्याचं, तुह्या आबाचं, नाव कधी घेतलं नव्हतं, ते बी घेतलं. ती म्हणे, मालूम नहीं, बाई. किसी और का घर होगा. फरहीननं तिच्या कानात काही सांगायले तोंड उघडलं, मी हातानं थांबवलं. हे मलेच करा लागन.

पण जीभ उचलेना. लग्नापासून ते नाव मी आपल्या तोंडानं घेतलं नव्हतं. दुसऱ्या बाईचं नाव चोरून घेऊन राह्यली असं वाटे. तोंडात माती असल्यावानी झालं. मंग म्हनलं.

गुंफा.

तिनं काही मोठं केलं नाही. मान वर केली, पाह्यलं, आन म्हणे, इत्ती देर?

मी म्हनलं, जीप मिळाली नाही.

दोघी बहिऱ्या. तीन घरापर्यंत ऐकू गेलं आमचं बोलणं. ती म्हणे, शेंगा आमच्या, ऊन आमचं होतं. मी म्हनलं, मूळ आमचं. दुकानातलं पोरगं मांगं येऊन विचाराले लागलं, आजी, भांडण झालं का? फरहीन म्हणे, नाही, आत्ता कुठं सुरू झालं. ती पोरगी हुशार हाये. तिनं चहा केला, आल्याचा. मेहरबीनं बिया आणल्या, राखेतल्या. राख बी माह्यासारखीच बाभळीची. मी एक बी चोळून पाह्यलं. पांढरा डोळा नीट उघडा.

मी पदर पसरला. तिनं मोजून नाही दिलं, ओंजळीनं दिलं.

काल कुंपणाच्या कडेनं ते बियाणं मातीत टोकलं. तुह्या मायले पाणी घालाले लावलं. ती इतकी भिऊन पाणी घालते का बियाले वाटत असन कोणी पाय धुऊन राह्यलं.

जिजाबाई


पुणे, १२ डिसेंबर २०२५

प्रिय आजी,

वाणकोश पुढच्या महिन्यात सगळ्यांसाठी खुला होतोय. पवनशी भांडण नाही, उलट तो आता रोज माझ्याच टेबलावर बसतो. याचा अर्थ लावू नकोस.

एकच गोष्ट उरलीय. आत नावं कितीही असली तरी पानाच्या डोक्यावर एक मोठ्या अक्षरात लिहावं लागतं. तुझ्या वालाचं मी रिकामं ठेवलंय. रोज उघडते, त्या रिकाम्या जागेकडे बघते आणि बंद करते. मी ठरवणार नाही. एकदा ठरवलं होतं.

वर काय लिहू? आणि वेलाचा फोटो पाठवायला बाबांना सांग.

सायली


रिठद, संक्रांतीच्या आधी

सायले,

मले अर्थ लावता येत नाही असं समजू नको. इंझोरीचे लोक बरे असतात, जावई झाले तं जास्त बोलत नाहीत.

वेल कुंपण सोडून पार वर गेला, मोरीच्या पत्र्यावर चढला. फुलं जांभळी. सकाळी धुकं पडते तवा कुंपण दिसतच नाही, फुलंच तेवढी हवेत लटकून राह्यतात, कशाले धरलं काही कळत नाही. मी चहा घेऊन पाहात बसते. काम सोडून बसते म्हणून तुही माय घाबरली. म्हणे, डॉक्टरले दाखवू का?

पहिला तोडा झाला. तुह्या मायले शेंगाची भाजी कराले दिली. तिनं तीनदा विचारलं, हे खायचेच ना? मी दोनदा मागून घेतली. बियाच्या शेंगा वेलावरच ठेवल्या, त्याले लाल चिंध्या बांधल्या. लाल चिंधी म्हणजे हात लावला का मेली, हे तिले समजावून सांगितलं. वाळल्यावर अर्धं बी फरहीनकडं पाठवीन. मेहरबीले सांग म्हणीन, ही माही अमानत, तुह्याकडं ठेव, आन खाऊ नको. ती खाईनच. म्हणून तं तिच्याकडं बी ठेवाचं आन माह्याकडं बी. एकीनं उसळ केली तं दुसरीकडं असन.

काल दुपारी ते सपन पडलं. पानं सारत सारत गेली. कोरं पान होतं त्या जागी आता काहीतरी लिहिलं होतं, मी चष्मा नेला नव्हता म्हणून वाचता आलं नाही. मंग मांगून हाक आली. या खेपी वळली. कोणी नव्हतं, नुसतं ऊन होतं तिकडच्या बाजूले. मंग दुसऱ्या बाजूनं हाक आली, जिजाबाई, बाजाराचा टाइम झाला. तिकडं बी वळली. झोपेत मान अवघडली ते वेगळं.

तं वर काय लिहायचं ते. रिठदचं माणूस पाह्यलं तं त्याले जिजाबाईचा वाल दिसू दे. कामरगावचं पाह्यलं तं गुंफा की फल्ली. ज्याले जे नाव येते त्यानं हाक मारावी, वेल ओ देईन. असं तुह्या टेबलात बसत असन तं बसव, नसन तं टेबलाचा पाय काप.

आता खाली सही कोणत्या नावानं करू याचा विचार करत बसली तं पोस्टमन निघून जाईन. त्याले उभं केलं हाये, तो वेलाच्या शेंगा पाहून राह्यला, नियत चांगली दिसत नाही.

तुही आजी,
नंबर तूच टाक